ऑपरेटरच्या घरातला तिसरा आवाज

कीबोर्डवर बोटं टेकताक्षणी ऑपरेटरला कळलं की कुणीतरी आपल्या टेबलाला हात लावलाय. बटणं चपटी होती, गुळगुळीत होती, आणि महत्त्वाच्या बटणांवर त्याने स्वतः टाकलेले गोंदाचे थेंब गायब होते. त्याने खाली हात घालून संगणकाचा डबा चाचपला. तोही दुसराच, अंगाने बारीक. चालू करायचं बटण भलत्याच जागी सापडलं. ते दाबलं तेव्हा एका तरुण बाईचा गोड, संथ आवाज आला. तिने त्याचं स्वागत केलं आणि भाषा कोणती हवी, असं विचारलं.

त्याने मशीन बंद केलं आणि बायकोला हाक मारली.

ती हात पुसत आली. काल संध्याकाळी तो दाताच्या डॉक्टरकडे गेला होता, तेव्हा जावई येऊन हे ठेवून गेला होता. भेट आहे, ती म्हणाली. नवीन आहे, झटपट चालतं, आवाज किती छान आहे ऐका तरी.

"जुना कुठंय?"

"नेला त्यांनी."

"कुठं नेला?"

"भंगारात दिला. पुढच्या चौकातल्या."

ऑपरेटर उठला, काठी घेतली आणि चपला पायात सरकवून बाहेर पडला. बायकोने मागून काहीतरी म्हटलं, ते त्याने ऐकलं नाही.

ऑपरेटर हे त्याचं नाव नव्हतं. पण एका मोठ्या कार्यालयाच्या टेलिफोन बोर्डावर त्याची सगळी तरुणाई गेली, आणि सगळं गाव त्याला त्याच नावाने ओळखू लागलं. दृष्टी लहानपणीच्या तापात गेलेली. पण समोरचा माणूस 'हॅलो' म्हणायच्या आत, त्याच्या श्वासावरून तो कोण आहे ते त्याला कळायचं. कुठल्या साहेबाला कुणाचा फोन नको असतो, कुणाची बायको रागावलेली आहे, कोण नोकरी सोडायच्या बेतात आहे, हे सगळं त्याच्या कानावरून जायचं आणि तिथेच राहायचं. मग कार्यालयात आपोआप फोन जोडणारी यंत्रणा आली. बोर्ड उचलून नेला. नोकरीवरून कुणी काढलं नाही. वरच्या मजल्यावर खिडकीजवळची एक खुर्ची दिली. आंधळ्याला खिडकी दिली, म्हणून चार जण हसलेसुद्धा. ते हसणं कुणाकुणाचं होतं, हे तो आजही सांगू शकला असता.

त्या खुर्चीवर काही न करता पगार घेत तो कितीतरी वर्षं बसला. सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी रिकामा आणायचा. त्याच काळात त्याचा स्वभाव बिघडला, असं बायको म्हणे. स्वभाव आधीपासूनच तसा होता, तोवर कामात गुंतलेला होता एवढंच, असं त्याची मुलगी म्हणे. काही असो. चाळिशी उलटल्यावर त्याने हट्टाने बोलणारा संगणक शिकून घेतला, नोकरीचा राजीनामा दिला आणि घरी बसून ध्वनिमुद्रणं उतरवून द्यायला लागला. बैठका, चौकशा, साक्षी, भाषणं. एका कानात मुद्रणाचा आवाज, दुसऱ्या कानावर संगणकाचा, आणि बोटं त्या दोघांच्या मधून धावायची. त्याचं काम इतकं चोख असे की कार्यालयं रांगेत उभी राहून थांबत.

संगणकातला तो आवाज पुरुषाचा होता. घोगरा, नाकातला, आणि ऑपरेटरने त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की तिऱ्हाइताला ते बोलणं वाटतच नसे. पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखा तो दिवसभर घरात वाजत राही. शिवाय संक्षेप होते. दोन अक्षरं मारली की 'उपस्थित सदस्यांनी एकमताने मान्यता दिली' हे अख्खं वाक्य उमटायचं. असे संक्षेप त्याने वर्षानुवर्षं एकेक करून शिकवले होते. किती होते ते त्यालाही माहीत नव्हतं. ते बोटांत होते.

भंगारवाला सकाळीच भेटला. डबा आला होता, हो. पण कालच फोडला. आतली, सगळं साठवून ठेवणारी तबकडी? तीही फोडली, तिच्यातलं लोहचुंबक वेगळं विकलं जातं. त्याने अगदी सहज सांगितलं. ऑपरेटर तिथल्याच एका उलट्या बादलीवर बसला. मग म्हणाला, की कीबोर्डला तर लोहचुंबक नसतं. भंगारवाल्याने त्याला एका ढिगाकडे नेलं. ढिगात हात घालून ऑपरेटर बराच वेळ बटणं चाचपत राहिला, आणि गोंदाचे थेंब बोटाला लागल्यावर त्याने तो कीबोर्ड वायरीसकट ओढून काढला आणि काखेत मारून घरी आणला.

घरी येऊन त्याने जावयाला कामाच्या ठिकाणी फोन लावला.

जावई एका कंपनीत संगणक सांभाळायचा. लग्न ठरलं तेव्हापासून ऑपरेटरला तो माणूस आवडला नव्हता. त्याच्या आवाजात कधी चढ नाही, उतार नाही. रागावला तरी तेच, आनंदला तरी तेच. असा माणूस काहीतरी दाबून ठेवत असतो, असं ऑपरेटरचं ठाम मत होतं, आणि ते त्याने मुलीला लग्नाआधी सांगितलंही होतं. जावयाच्या कानावर ते गेलं होतं. तेव्हापासून दोघांमध्ये जे काही होतं ते 'जेवलात का' आणि 'हो, जेवलो' एवढंच.

ऑपरेटरने आवाज चढवला नाही. तुम्ही आणलेलं मशीन मी ठेवून घेतो, म्हणाला. त्यावर माझी जुनी सिस्टिम बसवून द्या, माझ्या जुन्या आवाजासकट.

जावयाने समजावून सांगितलं. जुनी सिस्टिम निघाली तेव्हा या मशीनमधले भाग जन्मालाही आले नव्हते, त्यामुळे ती यांना ओळखतच नाही. ती बनवणाऱ्यांनीही तिच्याकडे बघणं कधीच सोडलंय. उलट नव्या सिस्टिममध्ये बोलणारा प्रोग्राम आधीपासूनच आहे. थोडे दिवस जड जाईल, मग हात बसेल.

"मी शिकवणी मागितली नव्हती," ऑपरेटर म्हणाला. "बसवून देता की नाही, तेवढं सांगा. नाहीतर हे मशीन मी त्याच भंगारवाल्याला नेऊन देतो. रस्ता आता माहीत झालाय."

मग जावई म्हणाला, की सुटीच्या दिवशी येतो.

मधल्या दिवसांत मुलीचे फोन आले. बाबा, त्यांनी स्वतःच्या हौसेने आणलं, तुमच्यासाठी. बाबा, तुमच्या फाइली त्यांनी आधी काढून ठेवल्यात. ऑपरेटरने विचारलं, संक्षेप काढलेत का? ते कुठे असतात, तिने विचारलं. प्रोग्रामच्या पोटात. तिने नवऱ्याला विचारून सांगितलं, ते नाही काढले, तिथे काही असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ऑपरेटरने फोन ठेवून दिला. कार्यालयांची कामं परत पाठवावी लागली. घरात पंख्याचा आणि भांड्यांचा आवाज तेवढा उरला.

सुटीच्या दिवशी जावई सकाळीच आला. बायकोने दार उघडलं. ऑपरेटर टेबलाजवळच्या खुर्चीत बसूनच राहिला, आणि जावयाला बसायला स्वयंपाकघरातलं स्टूल आणावं लागलं. टेबलावर ऑपरेटरने त्याच्या दोन्ही जुन्या सीडी काढून ठेवल्या होत्या, एक सिस्टिमची, एक बोलणाऱ्या प्रोग्रामची. ओळखायला त्यांच्या पाकिटांना दोरे बांधलेले.

"या मशीनला सीडी घालायला जागाच नाही," जावई म्हणाला.

"आणताना बघितलं नाहीत?"

जावयाने पिशवीतून स्वतःचा लॅपटॉप आणि एक बाहेरून जोडायचं सीडीचं यंत्र काढलं, सीडीतलं सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. मग नव्या मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन, जुन्या सिस्टिमला दाराशीच अडवणारी कुलपं एकेक करून काढली. ऑपरेटरला फक्त बटणांची टकटक ऐकू येत होती. पहिल्या खेपेला सिस्टिम सुरू झाली आणि लगेच थांबली. पडद्यावर बिघाडाचं निळं पान आलं. दुसऱ्या खेपेला ती पुढे सरकली, पण नवा कीबोर्ड मेला. त्याच्या नव्या तऱ्हेच्या जोडणीची जुन्या सिस्टिमला ओळख नव्हती. 'पुढे जायला बटण दाबा' म्हणून ती थांबली होती, आणि कुठलंच बटण तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

जावई टेबलाखाली डब्याच्या पाठीशी वाकला. मग त्याने विचारलं, भंगारातून आणलेला कीबोर्ड कुठाय.

"कशाला?"

"त्याची पिन गोल आहे. मागे एक गोल भोक दिलंय अजून. ते चालेल."

ऑपरेटरने मांडीवरचा कीबोर्ड पुढे केला. तो चालला. या अकलेबद्दल एक शब्द बोलावा, असं ऑपरेटरच्या मनात आलं होतं. पण तोच कीबोर्ड या माणसाने फेकून दिला होता, हेही मनात आलं, आणि तो शब्द राहून गेला.

त्यानंतर नव्या मशीनची तबकडी सापडेना. मशीनमध्ये ती होती, पण सिस्टिम म्हणत होती की नाही. जावयाने लॅपटॉपवर शोधाशोध केली, कुठूनतरी त्या भागांची ओळख करून देणारे प्रोग्राम मिळवले, ते पेनड्राइव्हमध्ये मिसळले, आणि सगळं पहिल्यापासून परत सुरू केलं. दुपार झाली. बायकोने दोघांची ताटं तिथेच आणून ठेवली. जावयाने एका हाताने खाल्लं. ऑपरेटरने खाल्लं नाही.

उन्हं उतरायला लागली तेव्हा जावई म्हणाला, "झालं. सुरू झाली."

ऑपरेटर कान देऊन बसला. पंखा फिरत होता. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"मला कसं कळणार?"

तेव्हा जावयाच्या लक्षात आलं. मशीनच्या आवाजाचा भागही नवा होता, आणि जुन्या सिस्टिमसाठी त्याचा प्रोग्राम कुणी बनवलेलाच नव्हता. पडदा व्यवस्थित उजळला होता. मशीन मुकं होतं. ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, तेवढीच नेमकी राहिली होती.

जावई म्हणाला, की यावर उपाय शोधतो, तोवर निदान बोलणारा प्रोग्राम चढवून ठेवू. ऑपरेटर म्हणाला, तो मी चढवणार. त्याच्या सेटिंग मला माहीत आहेत, तुम्हाला नाहीत. माझ्या कीबोर्डवर मीच बसणार. पण पडद्यावर काय आलंय ते सांगायला कुणीतरी हवं होतं. म्हणून जावई वाचून दाखवायला लागला.

हे दोघांनाही सोसवणारं नव्हतं. ऑपरेटरला सवय होती ती घोगऱ्या आवाजाची, जो विचारलं तेवढंच सांगतो आणि बोट हललं की वाक्य अर्ध्यात सोडून गप्प बसतो. जावई वाक्यं पूर्ण करायचा. मध्येच स्वतःचं मत घालायचा: इथे 'हो' म्हणा, हे नको. ऑपरेटर त्याला तोडायला लागला. आधी 'पुढचं सांगा' म्हणत होता. मग नुसतं 'पुढे'. मग बोटांनी टेबलावर ठोकत, मशीनला मनातल्या मनात म्हणायचा तसं:

"खाली. अजून खाली. वाच. परत वाच. थांब."

जावई थांबला.

"तुम्ही मला अरे-तुरे करताय," तो म्हणाला. आवाज तसाच, सपाट. "लग्न झाल्यापासून कधी केलं नव्हतंत. मी तुमचं मशीन नाही."

"मशीन असतं तर बरं झालं असतं. न विचारता कुणाच्या घरात शिरलं नसतं."

"मी न विचारता आलो नव्हतो."

ऑपरेटर म्हणाला की मग कुणाला विचारलं होतं, मला तर नाही. आणि मग जे इतके दिवस तुंबलं होतं ते सगळं बाहेर पडलं. की तुम्ही डोळसांनी दर वेळी आमच्या हातातलं काढून घ्यायचं आणि वर भेट म्हणायचं. की चांगल्या आवाजाचं कौतुक ज्यांना दिवसभर तो ऐकायचा नाही त्यांनीच करावं. की माझी बोटं तुम्ही लोहचुंबकाच्या भावात विकलीत, आणि वर माझ्या मुलीकडून फोन करवता. तो बोलत राहिला आणि जावई एका शब्दानेही मध्ये आला नाही. त्यामुळे ऑपरेटरचा संताप आणखीच वाढला, कारण ज्याचा आवाज हलत नाही त्याच्यावर वार कुठे करायचा, ते आंधळ्याला कळत नाही.

तेवढ्यात दाराजवळून बायको बोलली.

"मी सांगितलं होतं त्यांना."

ऑपरेटरने मान वळवली.

"जुना घेऊन जा, असं मीच सांगितलं. तुम्ही डॉक्टरकडे जाल तेव्हा या, हेही मीच. भंगारात द्या, असंही मीच म्हणाले, कारण घरात ठेवला असता तर तुम्ही परत लावला असता." ती आत आली नाही, दारातच उभी होती. "मला तो आवाज नको झालाय. सकाळी उठल्यापासून तोच. मी काही बोलायला आले की तुम्ही हात वर करता, थांब म्हणून, कारण तो बोलत असतो. त्याचं संपेपर्यंत मी उभी. मग मला काय बोलायचं होतं ते मी विसरते. मला वाटलं, निदान नवा तरी हळू बोलेल, कळेल तरी काय चाललंय."

जावई म्हणाला, "आई, राहू द्या."

"का राहू द्या? सगळं तुमच्याच माथी मारताहेत."

ऑपरेटरला पहिल्यांदा आठवलं ते हे, की जावयाने त्या दिवशी फोनवर, किंवा नंतर मुलीकडून, किंवा सकाळपासून या स्टुलावर बसून, ही गोष्ट एकदाही सांगितली नव्हती. आणि दुसरं, की हात वर करायची सवय आपल्याला आहे हेच त्याला माहीत नव्हतं. तो हात त्याने कधी पाहिला नव्हता.

पण म्हणून तो विरघळला असं नाही. उलट त्याला आता दोघांचाही राग आला, आणि त्यातला एक राग कुठे ठेवावा ते कळेना. तो म्हणाला की घरात मला न सांगता बेत ठरतात, हे बरं कळलं. बायको म्हणाली की सांगून ठरवायला तुम्ही ऐकत कधी असता. मग ती आत गेली, आणि भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजली.

जावई उठला. ऑपरेटरला वाटलं, चालला. पण तो फक्त खाली, चौकाजवळच्या दुकानात गेला होता, आणि आला तेव्हा त्याच्याकडे अंगठ्याएवढं एक साधन होतं. ते मशीनच्या मागे लावायचं, आणि मशीनचा आवाज त्याच्यातून बाहेर काढायचा. साधं होतं, म्हणून जुनी सिस्टिमही त्याला ओळखत होती. त्याने ते बसवलं, बोलणाऱ्या प्रोग्रामचं उरलेलं काम न बोलता उरकलं आणि बाजूला झाला.

घोगरा आवाज आला. वेग अजून लावलेला नव्हता, त्यामुळे तो सावकाश, एकेक अक्षर चघळत बोलला, आणि ऑपरेटरलाही तो क्षणभर परका वाटला. त्याने बोटं ठेवली, वेग वाढवला, आणखी वाढवला. वाटाणे पत्र्यावर पडायला लागले. आतल्या खोलीतलं भांड्यांचं वाजणं थांबलं.

ऑपरेटरने आवाज बंद केला.

"याला कानात घालायचं काही लागतं का?" त्याने विचारलं.

"लागतं. त्याच साधनात भोक आहे. पण तुम्ही कानात घालत नाही."

"एका कानात मुद्रण असतं. दुसरा दाराकडे ठेवावा लागतो." मग जरा वेळाने, "दाराला घंटा बसवता येते."

जावयाने पिशवी भरली. निघताना एवढंच सांगितलं, की या मशीनला इंटरनेटची वायर कधी जोडायची नाही, जुनी सिस्टिम आता बाहेरच्या कशापुढेही टिकणार नाही. मुद्रणं पेनड्राइव्हवरच मागवा. ऑपरेटरने बरं म्हटलं. आभार मानले नाहीत, आणि जावईही त्यांची वाट पाहत थांबला नाही. दार लागलं तेव्हा ते जरा जोरातच लागलं. त्या माणसाचा आवाज चढलेला ऑपरेटरने ऐकला तो तेवढाच.

मशीन चाललं. अधूनमधून निळं पान येई, ते आलंय हे ऑपरेटरला एकदम पडलेल्या शांततेवरून कळे. संक्षेप परत आले नाहीत. बोटं जुन्या सवयीने दोन अक्षरं मारत, आणि पुढे काहीच उमटत नसे. मग तो सगळं वाक्य लिही आणि नवा संक्षेप करी. काही जमले, काही बोटांनीच विसरून टाकले. कामाचा वेग पूर्वीचा राहिला नाही, आणि त्याबद्दल तो दर थोड्या दिवसांनी कुणाला तरी दोष द्यायचा. कधी जावयाला. कधी बायकोला, ती समोर नसताना.

घोगरा आवाज आता त्याच्या एका कानात राहू लागला. घर शांत झालं. बायको सुरुवातीला बोलायला यायची, दारात थांबायची, आणि त्याचा हात वर गेला नाही तरी न बोलताच परत जायची. इतक्या वर्षांची सवय तिच्याही अंगात मुरली होती. मग हळूहळू बोलायला लागली. बहुतेक तक्रारीच. ऑपरेटर कानातलं काढायचा, ऐकायचा, आणि उत्तर द्यायचा तेही तिरकंच.

जावयाशी त्याचं पटलं नाही. मुलीच्या घरी गेला तरी तो दुसऱ्या खोलीत बसे. पण मशीन अडलं की तो मुलीला मध्ये न घालता थेट जावयाला फोन लावी. नमस्कार नाही, कसे आहात नाही. काय झालंय तेवढं सांगे, आणि जावई त्याच सपाट आवाजात, कुठलं बटण दाबा ते सांगे. ऑपरेटर दाबे. चाललं की म्हणे, "चाललं," आणि फोन आधी कोण ठेवतो याची दोघांपैकी कुणीच वाट पाहत नसे.